एकशे चौदा खुणा

गोशेन, इंडियाना
२८ ऑक्टोबर, गुरुवार

लामार,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि मग तो कागद चुरगळून टाकला. दुसरा घेतला. आता नुसतं लामार.

तू फोन उचलत नाहीस. घराला कुलूप लावून वर मिशिगनच्या जंगलात कुणाच्या तरी शिकारीच्या खोपटात जाऊन बसलायस, आणि हे मला, तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, पोस्टातल्या बाईकडून कळतं. ठीक आहे. टपाल तरी तुला घ्यावंच लागेल.

तुझ्या बायकोला, डार्लीनला, सोमवारी हॉस्पिटलमधून हलवलं. आता ती कालव्याकाठच्या त्या पुनर्वसन केंद्रात आहे. डावा पाय ओढते. चमचा हातात धरते, पण तो तोंडापर्यंत पोचेस्तोवर सूप निवून जातं. काल तिने मला तीनदा विचारलं आज वार कोणता, आणि तिन्ही वेळा मी असं उत्तर दिलं जणू पहिल्यांदाच विचारतेय. जनेल तिच्या उशाशी बसून असते. तुझी सावत्र मुलगी आहे म्हणून सांगत नाही, पण आईसाठी पोटच्या पोरीही इतकं करत नाहीत. तुझं नाव तिने दारावरच्या भेटीच्या वहीतून काढायला लावलं, तेव्हा मी मध्ये पडले नाही. डार्लीन तुझं नाव निघालं की थरथरते. "तो खाली वाकला होता, त्या डबीपाशी," एवढंच म्हणते आणि हाताने जमिनीकडे दाखवते.

हॉस्पिटलच्या बोळात मी तुला जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय आणि मी ते मागे घेत नाही. शेरीफचा डेप्युटी म्हणाला, विषारी हवेच्या अलार्मच्या त्या डबीचा दिवा बंद होता, कुणीतरी तार काढली असणार. मी म्हणाले, "माझा भाऊ घरी मासे तळताना दर वेळी स्वयंपाकघरातल्या अलार्मची बॅटरी काढून फळीवर ठेवतो. त्यालाच विचारा." सगळे वळून तुझ्याकडे बघायला लागले. तू भिंतीला टेकून उभा होतास, अंगावर तो मासेमारीचा ओला कोट. तू नाही म्हणाला नाहीस.

तळ्याकाठी लावलेल्या नव्या ट्रेलरमध्ये पहाटे पाचला उठलास, डार्लीन गारठू नये म्हणून हीटर लावलास आणि बोट घेऊन तळ्यावर गेलास. यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. हीटर तर लावायचाच असतो. पण नऊला परत आलास तेव्हा ती तशी पडलेली, आणि जी डबी किंचाळून आख्खा तळ्याकाठ जागा करायला हवी होती ती मुकी. तो आवाज तुला सहन होत नाही, लहानपणी शाळेची घंटा सहन होत नव्हती तसाच.

मी नऊ वर्षं रॉजरच्या विक्रीच्या आवारात ही गाडीमागे ओढायची घरं, नवे ट्रेलर, गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तपासते आहे. त्याआधी अकरा वर्षं कारखान्यात ते बनवलेत. एकशे चौदा चौकोनांची यादी असते, एकेक वस्तू बघायची, खूण करायची, खाली सही. तुमच्या ट्रेलरच्या यादीखाली माझी सही आहे. तुमचा तर मी इतरांपेक्षा जास्त मन लावून केला. पिवळ्या चौकड्यांचे पडदे कुणी शिवले? दाराला लाल रिबन कुणी बांधली? डार्लीन आत शिरली आणि पडदे बघून रडायलाच लागली, तू दारात उभा राहून हसत होतास. महिनाही झाला नव्हता रे त्याला.

आईने सुरू केलेलं आपल्या चौघा भावंडांच्या पानांचं फिरतं पाकीट माझ्याकडे आलं होतं. माझं जुनं पान काढून मी नवं घातलं आणि जे झालं ते त्यावर सरळ लिहिलं, तुझ्या नावानिशी. ते ओहायोला ऑर्फाकडे गेलंय, तिथून कॅन्ससला विल्बरकडे जाईल, मग तुझ्याकडे. आता तुझ्या पानावर तू काय लिहितोस ते बघू.

अर्विला


९ नोव्हेंबर, मंगळवार

लामार,

आज जे बघितलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, आणि सांगण्यासारखं दुसरं कोणी नाही.

तुमचा ट्रेलर काल आवारात परत आला. शेरीफचं काम झालं, आता कारखान्याचा माणूस येऊन बघणार होता. तो आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, बोलणं असं की कुणाच्या अंगणात चेंडू गेला म्हणून मागायला आलाय. रॉजरने मला बोलावलं, कारण स्क्रू कुठे आहेत ते मलाच ठाऊक. मी बाहेरून हीटरचं झाकण काढलं.

लामार, धुराची नळी बाहेरच्या झाकणाच्या तोंडात बसलेलीच नव्हती. भिंतीला पाडलेलं भोक अंगठ्याएवढं डावीकडे पडलं होतं. नळी बाहेरच्या झाकणापर्यंत यायलाच हवी, ती भिंतीच्या आतच लाकडाला टेकून थांबली होती. बाजूचं लाकूड काळं पडलेलं. म्हणजे हीटर लागला की सगळी विषारी हवा बाहेर न जाता पलंगाखाली शिरत होती. जिथे डार्लीन झोपली होती.

 मी तिथेच पायरीवर बसले. रॉजर मला म्हणाला, "व्हिला, पाणी आणू का?" आणि तो कारखान्याचा माणूस फोटो काढत राहिला. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याच्या तपासनिसाचा हिरवा स्टिकर आहे. हिरवा म्हणजे पास. कुणीतरी तो त्या वाकड्या भोकापासून वीतभर अंतरावर चिकटवला आणि पुढे गेला.

मग मला राहवलं नाही, मी टॉर्च घेऊन सगळा ट्रेलर पुन्हा बघितला. मागच्या खिडकीला वरच्या बाजूने चिकटद्रव्य लावलेलंच नाही. एक कप्पा उघडला की शेगडीच्या दांड्याला आपटतो, म्हणजे दोन्ही एकदम वापरताच येत नाहीत. पलंगाखालच्या फळीला सहापैकी दोनच स्क्रू. हे सगळं नवं कोरं. रॉजर म्हणत होता, "असू दे, किरकोळ आहे," आणि मी प्रत्येक ठिकाणी माझी निळी चिकटपट्टी लावत होते, दोष सापडला की लावते तशी. संपेपर्यंत ट्रेलर ठिपक्यांचा झाला.

कोणी केलं ते मला माहीत आहे. नाव माहीत नाही, पण माणूस माहीत आहे, कारण मी अकरा वर्षं तिथेच उभी होते. नगावर मजुरी. दिवसाचे ट्रेलर लवकर संपले की लवकर घरी, अकरा वाजता का होईना. लाकडी साचा ठेवून भोक पाडायचं असतं, पण साचा धरायला दोन हात लागतात आणि वेळ जातो, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर सगळे नजरेने पाडतात. मीही पाडलीत. माझी नजर चांगली होती असं मी इतकी वर्षं सांगत आले. आज त्या पायरीवर बसून वाटलं, मी पाडलेल्या भोकांचं पुढे काय झालं ते मला कुणी कधी सांगितलंच नाही.

आणि आता तू म्हणशील, मग तपासणीत तुला कसं दिसलं नाही. हीटर मी लावून बघितला होता. दोन मिनिटं. सप्टेंबरचं ऊन होतं, गरम हवा आली, मी खूण केली. सगळेच तेवढंच करतात. बाहेरचं झाकण काढून बघायला यादीत लिहिलेलं आहे, पण ते कोणी काढत नाही, कारण ते परत बसत नाही.

हे तुझ्या दोषातून वजा कर. पण सगळं वजा होत नाही, लामार. भोक वाकडं असलं तरी अलार्म असता तर ती पहिल्या पाच मिनिटांत उठून बाहेर आली असती. अलार्म त्यासाठीच असतो, आमच्यासारख्यांची भोकं वाकडी पडतात म्हणून.

अर्विला


११ नोव्हेंबर

लामार,

थोडकंच लिहिते, कामावर आहे.

आज मी ती अलार्मची डबी उघडली. सिंकच्या शेजारी जमिनीलगत असते, दोन स्क्रू. तार निघालेली होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी कधी कधी निघते. निघू शकते.

एक विचारायचं आहे. सिंकखालच्या कपाटात तुझा टॉवेल सापडला, तो कोपऱ्यात बदकाचं चित्र असलेला, आणि तुझा पाना. टॉवेल वाळून कडक झालाय, त्याला बुरशीचा वास येतो. नळाचा जोड नुसत्या बोटांनी फिरवून ठेवलेला असावा कारखान्यात, आता तो पान्याने घट्ट आवळलेला आहे. तर तू तिथे खाली वाकून नक्की काय करत होतास आणि कधी? डार्लीनला जे आठवतं ते हेच का?

सोबत कार्ड घातलंय, वर तिकीट लावलंय. एका ओळीत लिही. बाकी काही लिहू नकोस.

रॉजरने विचारलं काय सापडलं. मी म्हणाले, काही नाही.

अ.


२२ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय लामार,

तुझं कार्ड शनिवारी आलं आणि त्याच टपालात फिरतं पाकीटही आलं. दोन्ही मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि दुपारपर्यंत हात लावला नाही. अंगणातली पानं गोळा केली. शेजारणीचीही केली.

कार्डावर तू लिहिलंस: "टॉवेल माझा. शुक्रवारी संध्याकाळी सिंकखाली पाणी गळत होतं, पुसलं, जोड आवळला. अलार्म काढल्याचं आठवत नाही. पण घरी मी काढतोच. मीच काढला असणार. तुझं पान वाचलं, बरोबर लिहिलंस."

पाकीट उघडलं. ऑर्फाचं पान होतं, विल्बरचं पान होतं, माझं होतं. तुझं जुनं पान तू काढून घेतलंस आणि त्या जागी काही घातलं नाहीस. आई गेल्यापासून एकोणीस वर्षांत त्या पाकिटात कुणाचं पान नाही असं झालं नव्हतं. विल्बर सैन्यात जायला निघाला आणि शस्त्र धरणं पाप मानणारी आपली चर्चची मंडळी त्याच्याशी बोलेनाशी झाली, तेव्हाही त्याचं पान येत होतं. मी तीन पानं पुन्हा पुन्हा मोजली. मग माझं पान वाचलं. त्यात मी लिहिलं होतं, 'लामारचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे.'

आता मी सांगते ते नीट वाच, आणि मध्येच फाडू नकोस.

सप्टेंबरच्या त्या आठवड्यात देशभरातले विक्रेते इथे ट्रेलर बघायला येतात हे तुला माहीत आहे. रॉजरच्या आवारात चाळीस नवे ट्रेलर ओळीने लावले होते. उभे राहून राहून त्यांच्या बॅटऱ्या उतरल्या. बॅटरी उतरली की अलार्म दर अर्ध्या मिनिटाला चिवचिवतो. एक असला तर चालतं, चाळीस चिवचिवायला लागले की माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नाही. रॉजर म्हणाला, "व्हिला, त्या किड्यांना गप्प कर." मी गेले आणि एकेका ट्रेलरमध्ये गुडघ्यावर बसून, दोन स्क्रू काढून, अलार्मची तार ओढून ठेवली. दर वर्षीच करते. तारेच्या टोकाला निळी पट्टी गुंडाळायची, त्यावर नंबर लिहायचा आणि 'जोडायची'. तोच नंबर दुसऱ्या पट्टीवर लिहून ती बाहेर दाराला लावायची. ट्रेलर विकला गेला की दारावरची पट्टी दिसते, आत जाऊन तार जोडायची, मग दोन्ही पट्ट्या फेकायच्या. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

अकरा तारखेला मी ती डबी उघडली तेव्हा तार हादऱ्यांनी निघालेली नव्हती. तिच्या टोकाला माझी निळी पट्टी होती. वर माझ्या अक्षरात, 'तेवीस. जोडायची.'

तू तिला हात लावला नाहीस. तू तळ्यावर पोचलास, झोपलास, हीटर लावलास, या सगळ्या वेळात ती डबी मुकीच होती. तुला ती मुकी केलेलीच दिली होती. मी दिली होती.

दारावरची पट्टी कुठे गेली ते मला तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या आठवलं. मीच काढली. डार्लीन येणार होती, दारावर लाल रिबन बांधायची होती आणि त्या रिबनशेजारी ती निळी पट्टी घाणेरडी दिसत होती. मी म्हणाले, नंतर बघू. मग पडदे लावायला घेतले. दांडी वाकडी बसत होती, तीन वेळा काढून परत लावली. तपासणीचे दोन तास असतात, ते दोन्ही पडद्यांत गेले. तुम्ही दोघं आलात तेव्हा यादी कोरी होती, एकशे चौदा रिकामे चौकोन. डार्लीनने आणलेली भोपळ्याची गोड पाई आपण आवारातल्या टेबलावर खाल्ली, आठवतंय? तू म्हणालास, "तू बघितलंयस ना सगळं? मग झालं." आणि मी एका हाताने काटा धरून दुसऱ्या हाताने त्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. वरपासून खालपर्यंत, एका दमात. तुमच्याशी बोलता बोलता. खाली सही केली.

हीटर दोन मिनिटं लावून बघितला असं लिहिलं होतं, तो इतरांचा बघते, तुमचा नाही. मी मन लावून केला असं तुला लिहिलं होतं. मन लावलं होतं, ते पडद्यांत.

आणि आता त्याहून वाईट. ती पट्टी सापडली तेव्हा मी ती तारेवरून सोडवली आणि एप्रनच्या खिशात घातली. रॉजर बाहेर उभा होता. अकरा दिवस ती माझ्या खिशात होती आणि मी कामावर जात होते, ट्रेलर तपासत होते, खुणा करत होते. गुरुवारी डार्लीनकडे जाऊन तिचे केस विंचरले तेव्हाही ती खिशात होती. मी स्वतःला सांगत होते की आधी लामारचं उत्तर येऊ दे, कदाचित तो म्हणेल की होय, मीही काहीतरी केलं होतं. मी तुझ्याकडून तेवढं मागत होते, लामार. आणि तू मला ते देऊन टाकलंस. मीच काढला असणार, असं लिहून. न केलेलं.

मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला.

ती पट्टी या पानाच्या खाली चिकटवली आहे. तुझ्याकडे पाठवते म्हणजे ती माझ्या हातून हरवायला नको. मी काय काय हरवू शकते ते आता मला कळलंय. नीट ठेव.

तुझी बहीण,
अर्विला


२८ नोव्हेंबर, रविवार

प्रिय लामार,

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रॉजरला सांगितलं. त्याने ऑफिसचं दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नाही, पण घाबरला की हळू बोलायला लागतो. म्हणाला, "कारखान्याचं भोक वाकडं होतं, व्हिला. फोटो आहेत. सगळं त्यांच्या गळ्यात जाणार आहे. तू चार महिने फक्त तोंड बंद ठेव." मी म्हणाले, भोक त्यांचं, ते त्यांच्या गळ्यात जाऊ दे. तार माझी आहे. त्याने विचारलं, चाळीस ट्रेलरपैकी बाकीच्यांचं काय? ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विकल्या गेलेल्या बाकीच्या एकतीस ट्रेलरच्या गिऱ्हाइकांना आम्ही दोघांनी त्याच दुपारपासून फोन केले, एकेकाला गुडघ्यावर बसून त्या डबीचा दिवा बघायला लावला. सगळ्यांचे दिवे लागलेले होते. एक तुमचाच नव्हता. सही करायच्या त्या कामावर मी आता नाही. किल्ल्या रॉजरच्या टेबलावर ठेवल्या, त्याने त्या उचलल्या नाहीत, पण परतही दिल्या नाहीत.

डेप्युटीलाही जाऊन सांगितलं. तो तुझ्याकडे ती पट्टी मागायला येईल. दे.

आज दुपारी कालव्याकाठी गेले. जनेल होती. मी म्हणाले, दोघींना एकदम सांगायचं आहे, आणि डार्लीनच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसले. सगळं सांगितलं, त्या आठवड्यापासून एप्रनच्या खिशापर्यंत. डार्लीनला हल्ली ऐकायला वेळ लागतो, म्हणून हळू सांगितलं.  

संपल्यावर डार्लीनने जमिनीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "पाणी."

जनेल ग्लास आणायला उठली. डार्लीनने मान हलवली.

"पाणी गळत होतं. सिंकखाली. तो पुसत होता. त्याचा बदकाचा टॉवेल."

"हो," मी म्हणाले. "तो फक्त पुसत होता."

"फक्त पुसत होता," ती म्हणाली. आणि जनेलकडे बघून दोनदा तेच म्हणाली, जसं काही जनेलनेच हे विसरू नये.

जनेल खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "दीड महिना, व्हिला आत्या. दीड महिना मी त्या माणसाला पायरी चढू दिली नाही. एकदा तो बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून होता, तीन तास. मी वरून बघत होते."  तू आला होतास हे मला ठाऊकच नव्हतं.

मी उठले तेव्हा डार्लीनने माझी बाही धरली. तो डावा हात होता, जो अजून नीट चालत नाही, तरी धरली. म्हणाली, "पडदे छान होते, व्हिला." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. मला तिने थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

फिरत्या पाकिटातलं माझं जुनं पान काढून जाळलं आणि नवं घातलंय. त्यात हेच सगळं आहे, थोडक्यात, माझ्या नावानिशी. उद्याच्या टपालाने ते ऑर्फाकडे जाईल, पण तुझ्या पानाशिवाय जाईल, म्हणून पुढच्या फेरीला तुझं पान हवं. काहीही लिही. तळ्यात किती मासे मिळाले ते लिही.

निघताना जनेल माझ्याबरोबर खाली दारापर्यंत आली. मला वाटलं, सोडायला आली. तिने टेबलावरची भेटीची वही ओढली आणि दारावरच्या बाईंकडे पेन मागितलं. बाईंकडचं चालत नव्हतं, म्हणून मी माझं दिलं. तिने तुझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि समोर 'नवरा'. मग वरच्या ओळीत माझं नाव होतं त्यावर एक रेघ मारली. मी शेजारीच उभी होते. पेन परत देताना तिने आभार मानले आणि मीही म्हणाले, ठीक आहे. ठीकच आहे ते.

रोज दोन ते चार भेटायची वेळ आहे. सकाळी लवकर निघ, पुलाजवळ रस्ता खणलाय. आणि दाढी करून जा, ती तुला बिनदाढीचाच ओळखते.

अर्विला